लुटुपुटीची लढाई, खरी इजा

सुमारें साडेआठशें वर्षांपूर्वींचें लंडन शहर क्षणभर डोळ्यांपुढें आणा. ईस्टरच्या सुट्टीचे दिवस आहेत. टेम्स नदीच्या पात्रांत मधोमध एक भक्कम खांब रोवून त्यावर ढाल बसविलेली आहे. प्रवाहाच्या ओढीनें आणि वल्ह्यांच्या बळानें एक होडी त्या ढालीच्या रोखानें भरधाव येत आहे, आणि होडीच्या टोंकाशीं एक तरुण भाला सरसावून उभा आहे. भाला ढालीवर आदळून मोडला आणि गडी पायांवर टिकला, तर त्यानें बाजी मारली. भाला शाबूत राहिला, तर मात्र तोच धक्का उलटून त्यास पाण्यांत भिरकावून देतो, आणि होडी आपल्या वेगानें पुढें निघून जाते. पुलावर व कांठावरील सज्जांत जमलेली मंडळी पोट धरधरून हसतात.

हें वर्णन आर्चबिशप टॉमस बेकेट याच्या पदरीं असलेल्या विल्यम फिट्झस्टीफन याचें आहे. ११७० सालीं धन्याचा खून झाल्यावर त्यानें त्याचें चरित्र लिहिलें, आणि त्याच्या आरंभीं लंडन शहराचें हें चित्र जोडलें. त्यांतील एक बारीकशी गोष्ट वाचणाऱ्याच्या नजरेंतून सहज निसटते. ढालीच्या दोहों बाजूंस एकेक होडी उभी करून ठेवलेली असे, आणि तींत बसलेले जवान पडलेल्या गड्यास पाण्यावर येतांच वर ओढून घेत. आजच्या विषयाची सुरुवात मला या दोन होड्यांपासून करावीशी वाटते.

त्याच लेखकानें आणखी दोन प्रसंग दिले आहेत. उपवासाच्या पर्वांतील रविवारीं नागरिकांचे मुलगे ढालीभाले घेऊन शहराबाहेर पडत व खोटें युद्ध खेळत. त्यांत जे वयानें लहान, त्यांच्या भाल्यांचें लोखंड काढून घेतलेलें असे. उलट, हिवाळ्यांत शहराच्या उत्तरेकडील दलदल गोठली म्हणजे हीच पोरें पायांखालीं जनावरांचीं हाडें बांधून बर्फावर घसरत, हातांतील काठ्या उगारून समोरासमोरून एकमेकांवर आदळत, आणि कोणाचा हात तर कोणाचा पाय मोडल्यावांचून राहत नसे. एकाच शहरांत, एकाच पिढींत या तीन तऱ्हा नांदत होत्या: एकींत शस्त्र बोथट केलेलें, दुसरींत शस्त्र तसेंच ठेवून वांचविणारा जवळ उभा केलेला, आणि तिसरींत परमेश्वरावर हवाला.

आतां हा जुना कागद आज उघडण्याचें प्रयोजन सांगतों. युरोपांत आणि अमेरिकेंत मध्ययुगाचा पोशाख चढवून त्या काळच्या लढती पुन्हां खेळण्याचा छंद आज पुष्कळांस जडला आहे. त्यांतील एक मोठी संस्था 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम' ही होय. १ मे १९६६ रोजीं कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें डायाना पॅक्सन या तरुणीच्या घरामागील अंगणांत कांहीं हौशी मंडळी जमली, त्यांनीं एक टूर्नामेंट भरविली, आणि शेवटीं विसाव्या शतकाचा निषेध म्हणून रस्त्यावरून मिरवणूकही काढली! त्या अंगणांतील खेळाचीं पुढें 'राज्यें' झालीं, त्यांस राजे आले, आणि राजांपेक्षां अधिक महत्त्वाचे असे नियम आले.

प्रौढांचे ते नियम थोडक्यांत असे. तलवार लोखंडाची नव्हे, वेताची. जाडी निदान सव्वा इंच. डोक्यावर पोलादाचें शिरस्त्राण, आणि तोंडापुढें गज असे जवळ जवळ बसविलेले कीं मधून शस्त्राचें टोंक आंत शिरूं नये. गजांची ही काळजी अनाठायीं नाहीं. ३० जून १५५९ रोजीं पॅरिसमध्यें फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री भाल्यांचा खेळ खेळत असतां प्रतिपक्षाच्या मोडलेल्या भाल्याची कपची त्याच्या मुखत्राणांतून आंत घुसली, व १० जुलै रोजीं तो मरण पावला. गुडघ्याखालीं वार करावयाचा नाहीं. मार्शल 'थांबा' म्हणून ओरडला कीं सर्वांनीं जागच्या जागीं थांबावयाचें. आणि सर्वांत विलक्षण नियम हा कीं, वार लागला किंवा नाहीं याचा निवाडा पंच करीत नाहीं. ज्यास लागला त्यानेंच तो प्रामाणिकपणें कबूल करावयाचा.

पुढें या हौशी मंडळींस मुलेंबाळें झालीं, आणि बाप शिरस्त्राण घालून मैदानांत उतरला कीं मुलगाही हट्ट धरूं लागला. 'मलाही तलवार पाहिजे' या हट्टास काय उत्तर द्यावयाचें? सुचणारें पहिलें उत्तर तेंच, जें लंडनच्या नागरिकांस सुचलें होतें: शस्त्र हलकें करा, मऊ करा, कीं झालें. हें उत्तर खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे, आणि त्याचा दाखला इतिहासांतच आहे.

इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड यानें ११९४ सालीं टूर्नामेंट भरविण्यास पांच जागा नेमून दिल्या आणि भाग घेणाऱ्यांवर फी बसविली: अर्लनें वीस मार्क, बॅरननें दहा, जमीनवाल्या नाइटनें चार आणि जमीन नसलेल्यानें दोन. या पांच जागांपैकीं एक ब्लाइथच्या शेजारीं होती. त्याच ब्लाइथ येथें जून १२५६ मध्यें राजपुत्र एडवर्ड याची पहिली टूर्नामेंट झाली. त्याचें सतरावें वर्ष पुरें व्हावयास थोडेच दिवस उरले होते. त्यास क्षात्रधर्माची ओळख व्हावी एवढाच हेतु असल्यामुळें त्या दिवशीं लोखंडी चिलखत नव्हतें. तागाच्या कापडाचीं वस्त्रें आणि हलकीं शस्त्रें एवढाच सरंजाम होता, असें मॅथ्यू पॅरिस या बखरकारानें नोंदविलें आहे. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ती मुलांच्या नियमांनीं खेळलेली लढत होती.

आणि परिणाम? पुष्कळ लोक पडले, बदडले गेले, पायांखालीं तुडविले गेले. विल्यम लाँगस्पी नांवाचा तरुण सरदार त्या दिवशीं असा जायबंदी झाला कीं, तो पुन्हां सावरलाच नाहीं. कांहीं महिन्यांतच त्याचा अंत झाला. तलवार बोथट होती. पण घोड्याची टाच बोथट नव्हती, आणि दोन झुंडी एकमेकींत शिरल्यावर त्यांस आवरणारा कोणी नव्हता. मला तर असें वाटतें कीं, हातीं हलकें शस्त्र आहे या समजुतीनेंच पुष्कळांनीं आपले हात त्या दिवशीं अधिक मोकळे सोडले असावेत. हा माझा तर्क आहे. बखरींत तसें लिहिलेलें नाहीं. परंतु उशीहाणामारीच्या वेळीं भावंडें कशीं वागतात हें ज्यानें घरांत पाहिलें आहे, त्यास हा तर्क अवघड वाटूं नये.

या एडवर्डचा पुढील प्रवास पाहण्याजोगा आहे. तो पहिला एडवर्ड म्हणून राजा झाला. धर्मयुद्धाहून परततांना १२७३ सालीं फ्रान्समध्यें चालों येथें तो एका टूर्नामेंटमध्यें उतरला, आणि ती इतकी हातघाईवर आली कीं, लोकांनीं तिला 'चालोंची लहान लढाई' असेंच नांव ठेवलें. पांच वर्षांनीं, १२७८ त, त्यानें विंडसर येथील उद्यानांत अडतीस वीरांचा खेळ भरविला. त्यासाठीं केलेल्या खरेदीचा हिशेब अद्याप टिकून आहे आणि तो मोठा मौजेचा आहे. चिलखतें कमावलेल्या कातड्याचीं. शिरस्त्राणें कातड्याचीं. तलवारी व्हेल माशाच्या तोंडांतील लवचिक पट्ट्या आणि चर्मपत्र यांच्या बनविलेल्या, पात्यांस चांदीचा मुलामा आणि मुठींस सोन्याचा! राजाच्या थाटांत उणेपणा नको, आणि कोणाचें डोकेंही फुटावयास नको, अशी ही तडजोड होती.

पण एडवर्ड तेवढ्यावर थांबला नाहीं, आणि येथेंच तो मला आपल्या प्रश्नाच्या मुळाशीं पोंचलेला दिसतो. त्याच्या अमदानींत, सामान्यतः १२९२ सालचा मानला जाणारा, टूर्नामेंटविषयींचा एक कायदा झाला. त्यांत शस्त्रांविषयीं कलम आहेच: टोंकदार तलवार नको, टोंकदार खंजीर नको, गदा नको. मात्र कायद्याचा खरा रोख माणसांवर आहे. नाइटबरोबर तीनच स्क्वायर असावेत. स्क्वायर म्हणजे सरदाराचा शस्त्रवाहक, आणि हे बहुधा उमेदवारी करणारे तरुणच असत. पडलेल्या नाइटास उठवून उभें करण्याचें काम ज्यांस नेमून दिलें असेल त्यांनींच तें करावें. प्रेक्षकांनीं शस्त्र बाळगूं नये. ज्या स्क्वायरनें नियम मोडला, त्यानें घोडा व साज गमवावा आणि तीन वर्षें तुरुंगांत बसावें. तक्रारींचा निवाडा करण्यास थोर सरदारांचें एक मंडळही नेमून दिलें. टेम्स नदींतील दोन होड्या येथें कायद्याच्या भाषेंत पुन्हां अवतरल्या आहेत. कोणीं लढावें, कोणीं उचलावें, कोणीं निवाडा द्यावा हें आधीं ठरलें पाहिजे. ब्लाइथच्या मैदानावर हें कांहींच ठरलेलें नव्हतें, आणि तेथें तुडविले गेलेले लोक ज्यानें पोरवयांत पाहिले त्याच्याच राज्यांत हा कायदा व्हावा, याला निव्वळ योगायोग म्हणणें माझ्या जिवावर येतें.

आतां अमेरिकेंतील त्या मुलांकडे परत येऊं. प्रौढांच्या नियमांत एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, आणि मुलांचे नियम करणाऱ्यांची खरी कसोटी तेथें लागते. प्रत्येक योद्ध्याच्या अंगांत लोखंडी कड्यांचें चिलखत आहे असें मानावयाचें, आणि वार असा बसला पाहिजे कीं, तें चिलखत खरोखर असतें तरीही माणूस निकामी झाला असता. म्हणजे हलका वार फुकट जातो आणि सणसणीत वारच मोजला जातो. मोठ्यांच्या खेळास यामुळें चुरस येते. पण हेंच गृहीत दहा वर्षांच्या मुलास लागू केलें तर त्याचा अर्थ काय होतो? 'तुझ्या मित्रास लागेल इतक्या जोरानें मार' हें आपणच त्यास शिकविल्यासारखें होतें. मग तलवारीवर कितीही स्पंज गुंडाळा. म्हणून शस्त्राच्या आधीं गृहीत बदलावें लागतें. सर्वांत लहान गटांत हलका स्पर्शही पुरे मानतात तो याचसाठीं. वय वाढत जाईल तसतसा वाराचा जोर थोडा थोडा वाढवूं देतात.

गट साधारणपणें तीन असतात: सहा ते नऊ, दहा ते तेरा आणि चौदा ते सतरा वर्षें. निरनिराळ्या 'राज्यां'त तपशील वेगवेगळा असतो. परंतु मोठा मुलगा लहानावर सोडावयाचा नाहीं हें तत्त्व सगळीकडे एकच. मोठ्यांचें शिरस्त्राण मुलांच्या माथीं मारीत नाहींत. तें योग्यच आहे, कारण कोंवळ्या मानेवर तें पोलादी ओझें हीच एक इजा ठरावयाची. आईबापांची लेखी संमति लागते. मुलांच्या मार्शलास निराळें शिक्षण घ्यावें लागतें, त्याच्या पूर्वचरित्राची चौकशी होते, आणि एकमेकांशीं नात्याचे नसलेले दोन प्रौढ हजर असल्यावांचून मुलांची लढत सुरू होत नाहीं. दोन प्रौढ आणि दोन होड्या!

राहतां राहिला वार कबूल करण्याचा नियम. मुलांस तो झेपेल काय? माझें मत असें कीं, मुलांच्या खेळांत राखून ठेवण्याजोगें कांहीं असेल तर तें हेंच. समोरच्याची तलवार मला लागली हें, कोणीं विचारण्याआधीं, शेंकडों डोळ्यांदेखत स्वतः सांगणें यांत जो एक नाइटपणा आहे, तो चांदीच्या मुलाम्यांत नाहीं. मात्र तो सर्वस्वीं मुलावर सोंपवून मार्शलनें स्वस्थ बसणें मला पसंत नाहीं. आठ वर्षांच्या मुलास हरल्याचें रडूं येतें, बाराव्या वर्षीं बापासमोर हरण्याची लाज वाटते, आणि सोळाव्या वर्षीं मुलगी पाहत असेल तर विचारूंच नका. 'थांबा' म्हणण्याचा हक्क मोठ्याचा, आणि 'लागलें' म्हणण्याचा मान मुलाचा, अशी वांटणी मला बरी वाटते.

यावर कांहीं जुने खेळाडू नाक मुरडतात. इतकें मऊ केल्यावर मध्ययुग उरलेंच कोठें, असें त्यांचें म्हणणें. त्यांच्यासाठीं रोमन लेखक वेजीशियस याचा हवाला देतों. त्याचा युद्धशास्त्रावरील ग्रंथ मध्ययुगांत फार मानला जाई. जाँ द म्यूँ यानें १२८४ सालीं त्याचें फ्रेंच भाषांतरही केलें. नव्या शिपायास खऱ्याहून दुप्पट वजनाची लांकडी तलवार आणि दुप्पट वजनाची विणलेली ढाल द्यावी, असें वेजीशियस सांगतो. पण ती घेऊन त्यानें लढावयाचें कोणाशीं? सोबत्याशीं नव्हे, तर जमिनींत पुरलेल्या सहा फुटी खांबाशीं. त्या खांबाचें डोकें, बगल, मांड्या साधून त्यानें पहांटेपासून घाम गाळावयाचा. आपल्याकडेही तालमींत पोरगें पुढील गड्यासमोर उभें राहतें तें कातड्यानें मढविलेला गदगा आणि फरी घेऊन. त्याच्या मनगटांत ताकद येते ती जोडी फिरवून. आजही त्या खेळांतील पुष्कळ जण घराच्या अंगणांत असाच खांब रोवतात, आणि मुलगा संध्याकाळीं जड काठी घेऊन त्याच्यावर हवा तितका तुटून पडतो. रविवारीं मैदानांत मात्र त्याच्या हातीं स्पंजाची तलवार देतात, कारण तेथें समोर खांब नसून शेजारचा मुलगा उभा असतो.