सामना तिकडे, प्रेक्षक इकडे

गेल्या हिवाळ्यातल्या एका शनिवारची गोष्ट. रात्रीचे साडेआठ वाजत आले होते. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी टीव्हीवर ॲस्टन व्हिलाचा सामना सुरू होण्याच्या बेतात होता. तेवढ्यात बर्मिंगहॅमहून लेकीचा फोन आला. "बाबा, तुमच्याकडे मॅच लागली का हो?"

व्हिलाचे मैदान तिच्या घरापासून बसने अर्ध्या तासावर. सामना तिच्याच गावात. पण तिकीट मिळाले नव्हते आणि इंग्लंडच्या टीव्हीवर तो सामना दिसत नव्हता. नाशिकला मात्र मी पाय पसरून तो बघणार होतो. ती म्हणाली, "फोन टीव्हीसमोर धरा ना!"

मी धरलाही. पण पाच-सात मिनिटांनी मनात आले, हे आपण काय करतो आहोत? हा सामना बघण्यासाठी मी वर्गणी भरली आहे, ती माझ्या घरासाठी, या देशासाठी. मग तोच सामना मी माघारी इंग्लंडला कसा धाडतो? आणि मैदानाच्या जवळ राहणाऱ्याला जे दिसत नाही, ते हजारो मैलांवरच्या मला कसे दिसते?

या उलट्या न्यायाचे मूळ १९६० च्या दशकात आहे. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी इतर क्लबांना पटवून दिले, की शनिवारी दुपारी सामने घरबसल्या दिसू लागले तर लहान गावांतली मैदाने ओस पडतील. तेव्हापासून शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत इंग्लंडमध्ये फुटबॉलचे थेट प्रक्षेपण होत नाही. त्यांचे दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. ही बंदी त्यांच्या भूमीपुरती. नाशिकमधल्या माणसाने सामना पाहिला म्हणून बर्नलीचे तिकीट खपायचे थोडेच राहणार?

म्हणजे खेळ एकच, पण तो पाहण्याचा हक्क देशादेशांच्या सीमांवर तुकडे करून विकला जातो. आपल्याला तो रीतसर कसा मिळत गेला, याचा इतिहास मोठा गमतीचा आहे, आणि तो टपाल कचेरीपासून सुरू होतो.

माझ्या लहानपणी रेडिओ ऐकायलासुद्धा परवाना लागे. टपाल कचेरीत दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तिकेत नोंद करून घ्यायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत गेली. आमच्या वाड्यात देवळालीच्या छावणीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहत. त्यांच्याकडे मर्फीचा रेडिओ होता. शनिवारी रात्री ते लघुलहरींवर बीबीसीची जागतिक सेवा लावत. खरखरीतून इंग्रजी समालोचन यायचे, मधूनच आवाज बुडायचा, पुन्हा वर यायचा. आम्हा पोरांना त्यातले निम्मेही कळत नसे. गर्दीचा गजर वाढला की समजायचे, गोल झाला असावा. युरोपचे फुटबॉल नाशिकच्या त्या वाड्यात आले ते असे, कानांवाटे.

डोळ्यांना ते दिसले १९८६ मध्ये. मेक्सिकोतल्या विश्वचषकाचे सामने दूरदर्शनने थेट दाखवले. २२ जूनला मॅराडोनाच्या अर्जेंटिनाने इंग्लंडला हरवले, तेव्हा तो सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झाला होता. दूरदर्शन सरकारचे, त्यामुळे हे पाहणे रीतसर आहे की नाही, असा प्रश्नच कोणाला पडला नाही. जे दिसेल ते पाहायचे, दिसणार नाही ते पेपरात वाचायचे.

प्रश्न पडू लागले ते १९९१ नंतर. हाँगकाँगहून स्टारच्या वाहिन्या उपग्रहावरून येऊ लागल्या. गच्चीवर छत्री बसवून गल्लीत तारा ओढणारा केबलवाला अवतरला. पुढे स्टार स्पोर्ट्स आणि ईएसपीएनमुळे इंग्लंडची प्रीमियर लीग आपल्या ओळखीची झाली. पण या तारा कायद्याच्या कुठल्या खणात बसतात, हे आरंभी कोणालाच नीट ठाऊक नव्हते. १९९५ मध्ये केबल टीव्हीचा कायदा झाला आणि केबलवाल्याला नोंदणी करणे भाग पडले. कुठे? तर मुख्य टपाल कचेरीत! श्रोत्याचा परवाना ज्या खात्याने रद्द केला, त्याच खात्याच्या दारात आता केबलवाला उभा राहिला.

त्याच वर्षी, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. निमित्त क्रिकेटचे होते. १९९३ च्या हिरो कपचे प्रक्षेपण कोणी करायचे यावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला होता. आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे त्या खंडपीठावर होते. न्यायालयाने सांगितले, की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. आकाश सर्वांचे झाले. मात्र आकाशातून येणाऱ्या सामन्याला मालक होता, आणि तो फुकट द्यायला बसलेला नव्हता.

याचा प्रत्यय २००२ मध्ये आला. जपान आणि कोरियातला विश्वचषक भारतात टेन स्पोर्ट्स या नव्या वाहिनीकडे होता. अनेक केबलवाल्यांनी करार न करताच ती वाहिनी दाखवायला सुरुवात केली. आमच्या गल्लीतला केबलवाला त्यांतलाच एक. आम्ही महिन्याचे पैसे वेळेवर देत होतो, तेव्हा आपण चोरीचा माल बघतो आहोत, ही शंकाही कोणाला आली नाही. वाहिनीच्या कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. अडचण अशी, की दावा लावायचा कोणावर? गावोगावच्या केबलवाल्यांची नावे कोणाला माहीत? १४ जून २००२ रोजी न्यायालयाने अज्ञात प्रतिवादींविरुद्धच आदेश दिला. विलायती रिवाजाप्रमाणे या अज्ञाताला 'जॉन डो' म्हणतात. न्यायालयाच्या आयुक्ताने अशा केबलवाल्यांच्या जागी जाऊन पुरावा गोळा करावा, असे ठरले. भारतातला हा अशा प्रकारचा पहिला आदेश मानला जातो. पुढे चित्रपटांच्या चोरीविरुद्ध असे कितीतरी आदेश निघाले आणि 'जॉन डो'चे 'अशोक कुमार' असे बारसेही झाले. या सगळ्याची सुरुवात फुटबॉलने केली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आपला कायदा काही जाचक नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रक्षेपण करणाऱ्याला त्या प्रक्षेपणावर पंचवीस वर्षे हक्क असतो. परवानगीवाचून ते पुन्हा प्रक्षेपित करणे किंवा पैसे घेऊन लोकांना दाखवणे हा त्या हक्काचा भंग. २००७ मध्ये आणखी एक कायदा आला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीलाही द्यावे, असे त्यात म्हटले आहे. फुटबॉल विश्वचषकाचे उपांत्य आणि अंतिम सामने या यादीत आले. युरोपातल्या क्लबांचे सामने अर्थातच नाहीत. त्यांच्यासाठी पदरचे पैसे मोजायचे.

पैसे मोजायचे, पण किती आणि कोणाला? हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडला असे नाही. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ गावात पब चालवणाऱ्या कॅरन मर्फी या बाईंना तिथल्या वाहिनीचे दर परवडेनात. त्यांनी ग्रीसच्या वाहिनीचे कार्ड विकत घेतले आणि प्रीमियर लीगचे सामने ग्रीक समालोचनासह दाखवू लागल्या. कार्ड खरे होते, पैसेही भरलेले होते, फक्त देश दुसरा होता. त्यांना दंड झाला. प्रकरण थेट युरोपीय न्यायालयात गेले. ४ ऑक्टोबर २०११ रोजी निकाल लागला, की परदेशी कार्ड आणण्यावरची बंदी युरोपच्या मुक्त बाजारपेठेशी विसंगत आहे. मात्र प्रक्षेपणातली चित्रे, संगीत वगैरे पबमध्ये दाखवायला मालकाची परवानगी हवीच. सुभेदारांच्या मर्फीने सीमा कधी विचारल्या नव्हत्या. या मर्फीबाईंना त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

आता छत्री गेली, तारही चालली. सामना इंटरनेटवरून मोबाइलवर येतो. तुम्ही कोणत्या देशात आहात हे कंपनीचे यंत्र क्षणात ओळखते. एप्रिल २०१८ पासून युरोपीय संघातल्या माणसाला संघातल्याच दुसऱ्या देशात प्रवासाला गेल्यावर घरची वर्गणी वापरता येते. आपल्याला तशी हमी नाही. मग कोणी व्हीपीएन वापरून आपला पत्ता बदलतो. व्हीपीएन वापरणे हाच आपल्याकडे गुन्हा नाही, पण त्याच्या आडून परदेशी सेवेला चकवणे म्हणजे तिच्याशी केलेला करार मोडणे. कोणी त्याहून पुढे जाऊन चोरीचे दुवे शोधतो.

अशा पोरांना नुसते चोर म्हणून भागत नाही. २०१८ पासून तीन हंगाम स्पेनच्या ला लीगाचे सामने फेसबुकने भारतीय उपखंडात फुकट दाखवले. तेव्हा ते सामने चोरून पाहायचे कारणच उरले नव्हते. याउलट इंग्लंडची लीग एकीकडे, युरोपची चॅम्पियन्स लीग दुसरीकडे, स्पेनची तिसरीकडे असे झाले, की तीन वर्गण्या भरताना विद्यार्थ्याचा खिसा कुरकुरतो. दार परवडणारे आणि सहज सापडणारे असेल, तर माणूस खिडकीतून शिरत नाही. टपाल कचेरीतल्या त्या परवान्याच्या बाबतीत हेच खरे होते. रक्कम थोडी, जागा ठरलेली, म्हणून सुभेदार न चुकता रांगेत उभे राहत.

त्या शनिवारी मी फोन टीव्हीसमोरून काढला. घरच्या घरात असे करणे कायद्यात कितपत बसते, ते वकील जाणोत. मला ते पटेना, एवढेच. लेक हिरमुसली. मी म्हटले, "थांब, मी सांगतो." आणि बर्मिंगहॅममध्ये चाललेल्या सामन्याचे धावते वर्णन नाशिकहून, मराठीत, बर्मिंगहॅमला सुरू झाले. चेंडू कोणाकडे आहे हे मला दर वेळी कळत होते असे नाही. मधूनच माझा आवाज चढला, की पलीकडून ती विचारायची, "काय झालं? गोल झाला का?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)