पाटी बदला, पण नोंद पुसू देऊ नका



राजापेठ, अंबागेट, जवाहरगेट ही नावे अमरावतीत ऑटोवाल्यापासून सरकारी दप्तरापर्यंत सगळ्यांना पाठ आहेत. परकोट जागोजागी ढासळला, तरी दरवाजांची नावे टिकली. पण जिल्ह्यातल्या गावोगावी गावकुसाबाहेर असलेल्या आमच्या विहिरीचे, पांदणीचे, मसणवटीचे नाव कोणत्या नकाशावर आहे?

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने इथली जमीन मोजायला सुरुवात झाली. हद्दीचे दगड रोवले गेले, शेतांना सर्व्हे नंबर मिळाले. मोजणीदार बाहेरचा. शिव कुठून जाते, नाला पूर्वी कुठून वाहत होता, हे त्याला काय ठाऊक? ते ठाऊक होते शिवेची राखण करणाऱ्या महाराला. शिवेच्या वादात महाराची साक्ष मानली जाई, हे इंग्रजी अमदानीतल्या ग्रंथांनीही नमूद केले आहे. ज्याचा स्पर्श गाव विटाळ मानत होते, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरत होती! आणि आमच्या वाट्याला काय आले? एकच शब्द : महारवाडा.

नोंद म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी नेमके ओळखले होते. १९२७ साली अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला, त्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचा. तळे ही आमची खाजगी मालमत्ता आहे, असा दावा घेऊन सवर्ण कोर्टात गेले. दहा वर्षे खटला चालला. तळे नगरपालिकेचे, हेच कोर्टात टिकले. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी रूढीही त्यांना सिद्ध करता आली नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. सत्याग्रहाने तळ्याकडे जाणारी वाट उघडली, कागदाने ती उघडी ठेवली.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे हटवून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. आम्ही त्याचे स्वागतच करतो. पोराच्या दाखल्यावर, आधार कार्डावर जात सांगणारा पत्ता कशाला हवा? पण पाटी बदलणे वेगळे आणि जुनी नोंद पुसणे वेगळे. कोणी म्हणेल, जुने नाव जपणे म्हणजे जात जपणे. नाही! ते आमच्यावरच्या अन्यायाचा आणि आमच्या वहिवाटीचा पुरावा जपणे आहे. उद्या मसणवटीवर कोणी तार ओढली, ई-क्लासवरून आम्हाला अतिक्रमणदार ठरवले, तर 'भीमनगर' ही कालची पाटी दाखवून भागणार नाही. चार पिढ्यांचा कागद लागेल.

आता गावठाणाची मोजणी ड्रोनने होते आहे. ड्रोनला छप्पर दिसते; छपराखालची माणसे इथे कधीपासून आहेत, हे दिसत नाही. ते आपणच लिहायचे आहे.

म्हणून प्रत्येक गावातल्या दोन-चार तरुणांनी भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा काढावा. तो घेऊन म्हाताऱ्या आजीआजोबांसोबत शिवार फिरावे. विहीर, पांदण, नाला, मसणवटी यांची त्यांच्या तोंडची नावे सर्व्हे नंबरसह वहीत उतरवावी. सांगणाऱ्याचे नाव आणि वय लिहावे. मग ती यादी ग्रामसभेत मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. सचिव टाळाटाळ करील, तर लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

आपल्या पूर्वजांनी गावाची शिव तोंडी सांगितली आणि ते कागदाबाहेर राहिले. आपण शिकलो आहोत, आता आपल्या हाताने लिहू.

जयभीम!