भोर-वेल्ह्यातील परसबागेसाठी तळसाठा वाफा: उन्हाळ्यात पाणी धरणारा, पावसाळ्यात पाणी सोडणारा

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत भाटघर, नीरा देवघर, पानशेत, गुंजवणी अशी मोठी धरणे आहेत. तरीही धरणांच्या वर, डोंगरउतारावर असलेल्या अनेक वाड्या-वस्त्यांवर फेब्रुवारीनंतर झरे आणि विहिरी आटू लागतात. घाटमाथ्याकडील गावांत पावसाळ्यात २,००० मि.मी.पेक्षा जास्त पाऊस पडतो, पण उतार आणि उथळ मुरमाड जमीन यांमुळे तो थांबत नाही. भात, नाचणी, वरी निघाल्यावर घरामागे लावलेली मेथी, पालक, वांगी जेमतेम होळीपर्यंत टिकतात. त्यानंतर डोक्यावरून आणलेला हंडा आधी पिण्याला, मग जनावरांना, आणि उरला तर भाजीला मिळतो. मार्च ते मे या काळात ताटातील भाजी कमी होण्याचे हे मुख्य कारण आहे.

या परिस्थितीत तळाशी पाणी साठवणारा गादीवाफा उपयोगी पडतो. पुढे याला आपण ‘तळसाठा वाफा’ म्हणू. ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी ही पद्धत प्रचारात आणली आणि कोरड्या हवामानाच्या भागांत ती रुजली. आपल्याकडे ती जशीच्या तशी चालत नाही, कारण चार महिने आपल्याला पाणी साठवायचे नसते, बाहेर काढायचे असते. त्यामुळे भोर-वेल्ह्यात वाफा बांधताना साठ्याइतकाच निचऱ्याचा विचार करावा लागतो.

वाफा काम कसा करतो?

कंदिलाची वात खालचे रॉकेल वर खेचते, तसेच बारीक कणांची वाळू आणि माती खालचे पाणी वर खेचते. यालाच केशाकर्षण म्हणतात. वाफ्याच्या तळाशी प्लास्टिक कागद, त्यावर पाणी धरणारा वाळूचा थर आणि त्यावर माती-खताचे मिश्रण अशी रचना असते. पाणी वरून न देता उभ्या पाइपमधून थेट तळात सोडतात. माती खालून ओली होते, पृष्ठभाग बराचसा कोरडा राहतो. त्यामुळे बाष्पीभवन आणि तण कमी होते आणि खाली झिरपून पाणी वाया जात नाही.

मात्र हा वाफा पिकाची पाण्याची गरज संपवत नाही. झाड पिते तेवढे पाणी द्यावेच लागते. वाचते ते उडून जाणारे व झिरपणारे पाणी, आणि रोज दोन वेळा पाणी घालण्याचे काम.

पाण्याचा हिशोब

आतून २ मीटर लांब व १ मीटर रुंद वाफा धरा. वाळूचा थर २० सें.मी. असेल, तर त्याचे आकारमान ४०० लिटर होते. वाळूच्या कणांमधील पोकळीत साधारण एक तृतीयांश पाणी मावते. त्यातील काही पाणी वाळू घट्ट धरून ठेवते. आडव्या पाइपमधील जागा धरून पिकाला मिळणारे पाणी १०० ते १२० लिटर समजा.

- एप्रिल-मे: पूर्ण वाढलेले पीक दिवसाला साधारण ६ मि.मी. पाणी घेते. २ चौ.मी. वाफ्याला हे १२ लिटर, म्हणजे रोज एक हंडा. साठा ८ ते १० दिवस पुरतो.
- डिसेंबर-जानेवारी: गरज साधारण ४ मि.मी., म्हणजे ८ लिटर. साठा १२ ते १५ दिवस पुरतो.

म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा सहा-सात हंडे आणि हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी एकदा भरणे हे वेळापत्रक ठेवा. ज्या गावात टँकर किंवा नळाचे पाणी ठरावीक दिवशीच येते, तिथे हा फरक मोठा आहे. किती वाफे करायचे हेही याच हिशोबाने ठरवा. एप्रिलमध्ये भाजीसाठी रोज दोन हंडे निघत असतील, तर दोनच वाफे करा.

जागा आणि साहित्य

दिवसात किमान सहा तास ऊन मिळेल अशी, घराजवळची जागा निवडा. उतारावर वाफ्याची लांब बाजू उताराला आडवी ठेवा. तळ पूर्ण सपाट हवा. एक टोक ५ सें.मी. खाली राहिले, तर तिकडे मुळे कुजतात आणि वरच्या टोकाला पीक सुकते. गवंडी वापरतात त्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने चारही कोपरे तपासा.

भरलेल्या वाफ्याचे वजन दीड टनाच्या आसपास जाते. त्यामुळे तो घराच्या स्लॅबवर किंवा माळ्यावर करू नका.

एका वाफ्यासाठी लागणारे साहित्य:

- कडेसाठी दगड, विटा किंवा जाड फळ्या. एकूण उंची ५० ते ५५ सें.मी.
- प्लास्टिक कागद २.८ × १.८ मीटर. शेततळ्याच्या ५०० मायक्रॉन कागदाचा उरलेला तुकडा उत्तम.
- क्रश सँड सुमारे १४ घनफूट.
- माती-खताचे मिश्रण सुमारे २१ घनफूट.
- ४ इंची पीव्हीसी पाइप, १.८ मीटरचे दोन तुकडे, दोन्हींना खालच्या अर्ध्या भागात ८ मि.मी.ची छिद्रे.
- पाणी भरण्यासाठी २ किंवा ३ इंची उभा पाइप, झाकणासह.
- १ इंची टाकीचा निपल, एल्बो आणि पाइपचा छोटा तुकडा.
- नायलॉन जाळी आणि जुनी सिंथेटिक साडी. सुती कापड वर्षभरात कुजते, ते वापरू नका.

बांधणी

१. जमीन सपाट करून टोकदार दगड, मुळ्या काढा. २ ते ३ सें.मी. बारीक मातीचा थर द्या, म्हणजे कागद फाटणार नाही.

२. कडा बांधून घ्या आणि आत कागद अंथरा. कागद चारही बाजूंनी ४० सें.मी. वर चढला पाहिजे. कोपऱ्यात कापू नका, घडी घाला.

३. उताराच्या बाजूला, तळाला लागून १ इंची निपल बसवा. आतल्या तोंडावर जाळी लावा. बाहेरच्या बाजूला एल्बो आणि त्यात पाइपचा तुकडा असा बसवा, की एल्बो उभा केल्यावर पाइपचे तोंड तळापासून १८ सें.मी. उंचीवर येईल. हा एल्बो सोल्युशन न लावता बसवा, म्हणजे तो फिरवता येतो.

४. माती घालण्याआधी पाणी भरून एक रात्र ठेवा. पातळी उतरली तर गळती शोधा. वाफा भरल्यावर गळती सापडत नाही.

५. आडवे पाइप साडीत गुंडाळून तळावर ठेवा. टोके बंद करा. एकाला उभा पाइप जोडा. त्याचे तोंड मातीच्या वर १५ सें.मी. राहू द्या.

६. २० सें.मी. क्रश सँड भरून पाण्याने बसवा. त्यावर साडीचा एक थर आणि मग ३० सें.मी. मिश्रण भरा.

खडी की वाळू?

अनेक जण तळात मोठी खडी भरतात. खडीत पाणी जास्त मावते, पण खडी पाणी वर खेचत नाही. साठ्याची पातळी थोडी उतरली की माती आणि पाणी यांचा संबंध तुटतो. खाली पाणी असूनही वर झाड सुकते. क्रश सँडमध्ये बारीक कण असल्याने ती पाणी वर चढवते. नदीची मध्यम वाळूही चालते.

खडीच वापरायची असेल, तर मातीचे ‘पाय’ ठेवा. छिद्रे पाडलेल्या चार-पाच बादल्या किंवा टोपल्या तळावर ठेवून त्यांत माती-वाळू दाबून भरा आणि भोवती खडी टाका. वरची माती या पायांना टेकलेली असली पाहिजे.

मिश्रण

या भागातील तांबड्या, मुरमाड मातीचे २ भाग, चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट १ भाग आणि भाताचे तूस अर्धा भाग घ्या. चिकण माती पाणी वर खेचते, पण मुळांना हवा कमी मिळते. ती असल्यास तुसाचे प्रमाण वाढवा. जास्त पावसाच्या पट्ट्यात जमीन आम्लधर्मी असू शकते, म्हणून माती परीक्षण करा आणि अहवालानुसारच चुना द्या.

शेणखत, पालापाचोळा पाण्याच्या थरात जाऊ देऊ नका. हवा नसल्याने तो सडतो, पाण्याला वास येतो आणि मुळे काळी पडतात.

एल्बो कधी फिरवायचा?

मृग लागण्याआधी एल्बो आडवा करा. तळ मोकळा राहतो, पावसाचे पाणी लगेच बाहेर जाते. उभा राहिला तर संपूर्ण पावसाळा मुळांखाली पाणी साचलेले असते आणि वांगी, मिरची, टोमॅटो मरीने जातात.

नवरात्राच्या सुमारास एल्बो उभा करा. परतीचा पाऊस साठा भरून देतो. पहिल्यांदा कोरडा वाफा ओला करायला दोन-अडीचशे लिटर पाणी लागते; ते पावसाकडून मिळाले तर तेवढी वाहतूक वाचते.

पावसाळ्यात तळ उघडा ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. बंद तळाच्या वाफ्यात पाण्यातील आणि खतातील क्षार साचत जातात आणि वर पांढरी पापुद्रासारखी पूड दिसते. कोरड्या प्रदेशात वाफा मुद्दाम धुवावा लागतो. आपल्याकडे ते काम पाऊस करतो, फक्त वाट मोकळी हवी.

पिकांचे वेळापत्रक

- ऑक्टोबर-नोव्हेंबर: मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, चाकवत, टोमॅटो (धनश्री, भाग्यश्री), वांगी (मांजरी गोटा), मिरची (फुले ज्योती) यांची रोपे.
- फेब्रुवारी: पालेभाज्यांच्या जागी भेंडी, गवार, चवळी. मिरची-वांगी चालू ठेवा.
- मार्च ते मे: तांदुळजा, माठ, अंबाडी. दुपारी शेडनेट किंवा जुन्या साडीची सावली द्या.
- जून ते सप्टेंबर: मांडवावर कारली, दोडका, पडवळ किंवा वाफ्यात अळू. काहीच लावायचे नसेल तर ताग पेरून फुलोऱ्याआधी कापा आणि मातीवर पसरा.

दुधी, भोपळा असे मोठे वेल उन्हाळ्यात या वाफ्यात घेऊ नका. ते साठा फार लवकर संपवतात.

रोजची काळजी

- बी पेरल्यावर किंवा रोप लावल्यावर पहिले १० ते १५ दिवस वरून झारीने हलके पाणी द्या. मुळे ओलाव्यापर्यंत पोहोचेपर्यंत तळातील पाण्याचा उपयोग होत नाही.
- वर ५ सें.मी. भाताचा पेंढा किंवा वाळलेल्या गवताचे आच्छादन घाला.
- उभ्या पाइपमध्ये बांबूची काठी घालून पातळी मोजा. काठीवर ५, १०, १५ सें.मी.च्या खुणा करा. ५ सें.मी. उरल्यावर भरा.
- उभ्या पाइपला झाकण आणि बाहेरच्या पाइपच्या तोंडाला जाळी लावा. उघड्या साठ्यात डासांची पैदास होते आणि डेंग्यूचा धोका वाढतो.
- गांडूळखत महिन्यातून एकदा वरून द्या. जीवामृतही वरूनच. युरिया किंवा कोणतेही खत पाइपमधून सोडू नका.
- भाजी, तांदूळ धुतलेले पाणी ताजे असताना चालते. साबणाचे, भांडी घासलेले पाणी साठ्यात घालू नका.
- वांगे किंवा मिरचीचे झाड हिरवे असतानाच अचानक कोमेजले, तर ते मुळासकट काढून टाका. साठ्याचे पाणी सगळ्या झाडांना एकच असते. त्या वाफ्यात पुढची दोन-तीन वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची न घेता पालेभाज्या किंवा शेंगवर्गीय पिके घ्या.

अडचण आणि उपाय

*पाइपमध्ये पाणी आहे, पण झाड सुकते:* वाळू-माती जोडलेली नाही. वरून भरपूर पाणी देऊन माती बसवा. तरी फरक पडला नाही तर एका कोपऱ्यात खणून थर तपासा.

*पाने पिवळी, माती सतत चिखल:* एल्बोची उंची जास्त आहे किंवा जाळी तुंबली आहे. एल्बो आडवा करून तळ पूर्ण रिकामा करा आणि चार-पाच दिवस थांबा.

*साठा दोन-तीन दिवसांत संपतो:* कागद फाटला आहे किंवा निपल गळतो. निपल आधी पाहा.

हा वाफा कोणी करू नये?

घरी बारमाही पाणी असेल, तर साधा गादीवाफा, आच्छादन आणि ठिबक पुरेसे आहे. साहित्याचा खर्च परवडत नसेल, तर मडका सिंचनाने सुरुवात करा. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात चीनमधील फान शेंगझी यांच्या कृषिग्रंथातही ही पद्धत सांगितली आहे. रंग न दिलेली, ५ ते ७ लिटरची कच्च्या पोताची मडकी गळ्यापर्यंत पुरा, २ चौ.मी. वाफ्याला तीन पुरतात. तोंड झाका आणि दोन-तीन दिवसांनी भरा. पाणी बाजूने पाझरते, आणि पावसाळ्यात मडकी काढून ठेवली की निचऱ्याचा प्रश्न उरत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

‘उमेद’ अभियानातील महिला गटांकडे पोषण परसबागा आधीच असतात. गावात एकदम दहा वाफे न करता एक तळसाठा वाफा आणि शेजारी तेवढ्याच आकाराचा साधा वाफा करा. दोन्हीकडे एकच पीक घ्या. ऑक्टोबर ते मे घातलेले हंडे आणि निघालेली भाजी एका वहीत लिहायला सांगा. पाणी कोण आणते आणि त्याला किती वेळ लागतो, हेही त्याच वहीत लिहा. पुढच्या वर्षी गावाने किती वाफे करावेत, हे त्या नोंदींवरून गटातील महिलांनाच ठरवू द्या.