टीएच१ मध्ये एफडी का भरायचं?

परवा ऑफिसात एका नवीन पोराने विचारलं, "रजिस्टरं कशाला शिकायची? क्यूब आहे ना!" उत्तर तिथल्या तिथे सुचलं नाही, म्हणून हा शनिवारचा उद्योग.

कॉलेजात आम्हाला ८०५१ होता. इंटेलची ही चिप १९८० ची, म्हणजे माझ्याहून वयाने बरीच मोठी. सिरियल पोर्टला ९६०० बॉड हवा? मग ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावा आणि टीएच१ मध्ये एफडी भरा. हे सगळ्यांना पाठ. का, ते कुणी विचारायचं नाही! खरं तर गणित सोपं आहे. क्रिस्टलला आधी १२ ने, मग ३२ ने भागलं की २८,८०० येतात. त्याला ३ ने भागलं की ९६००. टायमर २५६ ला उलटतो, म्हणून २५६ वजा ३, म्हणजे २५३, म्हणजेच एफडी. अख्खी चिप डोक्यात मावायची हो.

मग चिपा फुगत गेल्या. सायप्रेसच्या पीसॉकमध्ये तर आतले अ‍ॅनालॉग आणि डिजिटल ब्लॉकच आपल्याला हवे तसे जोडता यायचे. ते हाताने बिट भरून करणं म्हणजे शिक्षाच, म्हणून पीसॉक डिझायनर आलं. तिकडे चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या युनिस कंपनीने प्रोसेसर एक्स्पर्ट बनवलं. मोटोरोलाच्या, म्हणजे २००४ पासून फ्रीस्केलच्या, चिपांसाठी ते वापरलं जायचं. हवं ते 'बीन' उचला, गुणधर्म भरा, कोड तयार.

२००७ मध्ये एसटीएम३२ आली. तिच्या एफ१०३ चं मॅन्युअल हजारावर पानांचं. त्यात प्रत्येक पेरिफेरलचं क्लॉक मुळात बंद. ते चालू न करता रजिस्टरमध्ये लिहिलंत तर काहीच होत नाही. एररसुद्धा नाही! २०१४ मध्ये क्यूबएमएक्स आलं आणि चिपचं चित्रच समोर आलं. पिनवर क्लिक करा, काम निवडा. क्लॉकच्या नकाशात ८ गुणिले ९, ७२ मेगाहर्ट्झ. एपीबी१ बसला ३६ च्या वर नेलंत की चौकट लाल.

आता माझी फजिती. पहिल्या नोकरीत माझा एलईडी सेकंदाला एकदा लुकलुकायचा तो दोनदा लुकलुकत होता. बस ३६ वर, म्हणून टायमरचा हिशोबही मी ३६ वर केला. दोन दिवस कोड वाचला, क्रिस्टल बदलला, कंपायलरला शिव्या घातल्या. शेवटी लीडने क्लॉकचा नकाशा उघडला आणि नुसतं बोट ठेवलं : एपीबी१ टायमर क्लॉक, ७२. बसचा भाजक १ नसेल तर टायमरला दुप्पट क्लॉक मिळतं. हे चित्रात पहिल्या दिवसापासून होतं, पण शोधायचं काय हेच मला ठाऊक नव्हतं.

म्हणून त्या पोराला माझं उत्तर हे : क्यूब वापर, बिनधास्त वापर. हजार पानं चाळण्यात शहाणपण नाही. पण त्याने लिहिलेली फाईल एकदा उघडून वाच. टूल बरोबर असतं आणि तरीही आपण चुकतो, तेव्हा तेवढंच कामाला येतं.

असो. सोमवारी त्याला ४८०० बॉडसाठी टीएच१ विचारणार आहे. तुम्हीही काढून बघा. एफए आलं नाही तर एक कटिंग घ्या नि पुन्हा करा!