दिनविशेष : १५ सप्टेंबर

१९४६ : हॉलिवूडचे अभिनेते टॉमी ली जोन्स यांचा अमेरिकेतील टेक्सास राज्यात जन्म. ‘द फ्युजिटिव्ह’साठी त्यांना ऑस्कर मिळाले. जपानमध्ये मात्र हा सुरकुतलेला, गंभीर चेहरा घरोघरी पोहोचला तो डबाबंद कॉफीमुळे.

दुधाची गोड कॉफी डब्यात भरून विकण्याचा धंदा जपानमध्ये १९६९ मध्ये ‘यूसीसी’ कंपनीने सुरू केला. पुढच्याच वर्षीच्या ओसाका जागतिक प्रदर्शनात तिला जोरदार गिऱ्हाईक मिळाले. मग ‘जॉर्जिया’ आली, १९९२ मध्ये सनटोरी कंपनीची ‘बॉस’ आली आणि खरी झुंज टीव्हीच्या पडद्यावर रंगली. ‘जॉर्जिया’ने तर ‘ट्विन पीक्स’ या टीव्ही मालिकेचे कर्ते डेव्हिड लिंच यांच्याकडूनच त्या मालिकेच्या धर्तीवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या चार जाहिराती करून घेतल्या होत्या, एक गूढकथा, तीही हप्त्याहप्त्याने!

जोन्स ‘बॉस’च्या जाहिरातींत अवतरले २००६ मध्ये. भूमिका परग्रहवासी हेराची. पृथ्वीची पाहणी करायला आलेला हा पाहुणा कधी बांधकामावर मजुरी करतो, कधी टॅक्सी चालवतो, चेहऱ्यावरची माशीही हलू न देता माणसांचा विचित्रपणा टिपतो आणि शेवटी कॉफीचा डबा फोडतो. ‘मेन इन ब्लॅक’ चित्रपटात परग्रहवासीयांवर पाळत ठेवणाऱ्या नटाला खुद्द परग्रहवासीयाचीच भूमिका देणे, ही या जाहिरातींतली सर्वांत झकास खोडी. गिऱ्हाइकाला माल घ्या म्हणून गळ न घालता कष्टकऱ्यांच्या दिवसाची गोष्ट सांगणारी ही मालिका दहा वर्षांहून अधिक काळ चालली.