चौक लिहिणारी घरे आणि शाळेतला चित्रकलेचा तास

आज आपण शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या माध्यमिक शाळांमध्ये कला कशी आली, हे पाहणार आहोत. विषय लहान वाटतो, पण त्याची सुरुवात मुंबईत आहे.

१८५७ साली मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाली. तिच्यामागून चित्रकलेच्या सरकारी परीक्षांची जी पद्धत रुजली, तिचे आजचे रूप म्हणजे आपली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. यात वाईट काही नाही. हात स्थिर होतो, नजर तयार होते. शिवाय अलीकडे या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळू लागले, आणि डोळखांब-टोकावडे भागातल्या मुलांना ते गुण कशाला हवेत, असे शहरात बसून कोणी विचारू नये. फक्त एक गोष्ट या परीक्षेने कायमची ठरवून टाकली. चित्र हे कागदावर, रंगपेटी घेऊन, एकट्याने, घड्याळ लावून करायचे काम झाले.

आता मुलांच्या घरात डोकावू या. वारल्यांच्या लग्नात सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. ‘काढतात’ हा आपला शब्द झाला. त्या चौक ‘लिहितात’. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. ठाकरांच्या घरीही लग्नाचा चौक असतो. म्हणजे लिहिणे, चित्र आणि गाणे एकाच मांडवात, आणि बरेचसे बायांच्या हातात. या घरातले मूल शाळेत येते तेव्हा पहिल्या तासाला लेखन, पाचव्याला चित्रकला, आणि गाणे आलेच तर स्नेहसंमेलनात!

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर पोचले, भिंतीवरचे चित्र कागदावर आले, आणि जिव्या सोमा मशे यांच्या हातून ते जगभर गेले. २०११ साली मशे यांना पद्मश्री मिळाली. हा अभिमानाचाच इतिहास आहे. पण त्या ओघात बायांचे काम पुष्कळसे पुरुषांच्या हाती गेले, आणि ‘आदिवासी कला म्हणजे वारली’ असे एक सोपे समीकरणही बसले. ते शहापूर-मुरबाडला अडचणीचे ठरते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू-तलासरी तिकडे गेले. आपल्या या दोन तालुक्यांत वारली आहेत, पण ठाकर, कातकरी आणि महादेव कोळीही मोठ्या संख्येने आहेत. ल. ना. चापेकरांनी सह्याद्रीतल्या ठाकरांवर अख्खा ग्रंथ लिहिला, तो १९६०चा. तरी शाळेच्या कुंपणावर रंगते ती तारप्याभोवतीची तीच गोल रांग. ठाकराच्या पोरीने शेजाऱ्याची कला ‘आपली’ म्हणून गिरवायची, आणि आजीला विचारायला कोणी सांगायचे नाही!

याला वेगळी वाट याच जिल्ह्यात सापडली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला बिया, पाने, शंख-शिंपले हेच शिकवण्याचे साहित्य केले. हा विचार बालवाडीत मुरला. माध्यमिक शाळेच्या दारात मात्र तो अडला, कारण तिथे दहावी उभी असते. पुढे ठाणे शहरात रत्नाकर मतकरी आणि समता विचार प्रसारक संस्था यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. वस्तीतली मुले आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटिका बसवू लागली. आम्हाला हा प्रयोग मोलाचा वाटतो, कारण तिथे विषय मुलांचा असतो. शहापूरच्या मुलांना विषय शोधायला लांब जायला नको. तानसा आणि भातसा ही धरणे त्यांच्याच तालुक्यात. पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात पाड्यावर टँकरची वाट पाहतात. मुरबाडच्या मुलांना सिद्धगड आहे, जिथे २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. स्नेहसंमेलनात मात्र चित्रपटगीते वाजतात. वाजू देत, मुलांना आवडतात. पण तेवढेच नको.

आणि ते स्नेहसंमेलन असते कधी? डिसेंबर-जानेवारीत. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे शाळेत पडदा उघडतो तेव्हा कातकरी मुलांपैकी कितीतरी जण भट्टीवर विटा थापत किंवा धाकटी भावंडे सांभाळत असतात. कार्यक्रम चांगला झाला, असा अहवाल जातो, आणि तो खोटाही नसतो. भाद्रपदात हीच मुले गावात असतात. भात उभे असते, गौरीचा नाच अंगणात चालू असतो, आणि तो शिकवायला शाळेला बाहेरून कोणाला बोलवावे लागत नाही. तारीख बदलायला शासन निर्णय लागत नाही; मुख्याध्यापक आणि शाळा समिती एकदा बसले तरी पुरते.