तेलाची वाटी आणि वाळूची पोटली

आषाढी एकादशीला आपण कधी नारायणगडावर आला असाल, तर दर्शनाच्या रांगेत उभे असताना एकदा लोकांच्या चेहऱ्यांऐवजी पायांकडे पाहा. कुणी काठी टेकत येतो, कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. एखादी म्हातारी दहा पावलांवर थांबते, गुडघ्यावर हात दाबते, 'पांडुरंगा' म्हणते आणि पुन्हा चालू लागते. नगद नारायण महाराजांच्या समाधीचे हे स्थान बीड जिल्ह्यात 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखले जाते. ज्यांच्या पायांनी थोरल्या पंढरीची वाट सोडली, त्यांतले कितीतरी जण धाकटीला येतात. भगवानबाबांचे गुरू माणिकबाबा याच गडाचे. भगवानगड पुढे उभा राहिला, त्याआधीची बाबांची साधना नारायणगडाशी जोडलेली आहे. या परंपरेत चालणे हीच उपासना, आणि म्हणून गुडघा दुखणे ही आपल्याकडे नुसती शरीराची तक्रार राहत नाही. वारी चुकते, ही खरी दुखरी जागा.

त्यात हा मुलूख ऊसतोडीचा. दसरा झाला की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पश्चिमेकडच्या कारखान्यांकडे निघतात. पहाटेच्या थंडीत वाकून ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढायचे. चाळिशीच्या आतच बायकांचे गुडघे बोलू लागतात. कोपीत दवाखाना नसतो, पण तेलाची बाटली असते. म्हणून आज आपल्याशी या बाटलीविषयी बोलायचे आहे. तिचा इतिहास मोठा आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग आपण विसरलो आहोत. मी स्वतः तो विसरलो होतो आणि त्याची किंमत माझ्या आत्याने मोजली.

आधी जुनी गोष्ट. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, अंगाला तेल का लावावे हे समजावताना तीन दृष्टान्त दिले आहेत. तेल मुरवलेली घागर, तेल पाजलेले कातडे आणि वंगण घातलेला गाडीचा आस. जसे हे टिकतात, तसे तेल लावलेले शरीर टिकते. यातला आस आपल्या गाडीवाल्यांना लगेच पटेल. बैलगाडीचे चाक कुरकुरू लागले की शहाणा माणूस बैलाला मारत नाही, खाली उतरून वंगण घालतो. त्याच अध्यायात पायांना तेल लावण्याचे फायदे वेगळे सांगितले आहेत: पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा आणि बधिरपणा जातो. पुढे वाग्भटानेही रोजच्या अभ्यंगात डोके, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला. पालखीच्या मुक्कामी गावोगावची मंडळी वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायला बसतात, तेव्हा त्यांच्या हातांत ही फार जुनी विद्या असते.

संतपरंपरेलाही तेलाचा वास आहे. तुकोबारायांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे महाराज तेली होते, घाण्यावरचे. आणि सेना महाराज न्हावी. पूर्वी न्हाव्याचे काम केवळ वस्तऱ्याचे नव्हते; अंग रगडणे, मालिश करणे हेही त्याच्याच हाती असे. ताहराबादच्या महिपतीबुवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त ती कथा येते. सेना पूजेत रंगलेले, राजाचे बोलावणे आलेले, आणि त्यांच्या रूपाने विठ्ठलच धोकटी घेऊन वाड्यावर जातो. तेल लावून घेताना राजा वाटीत पाहतो, तर तेलात चतुर्भुज मूर्ती. कीर्तनात ही कथा भक्ताच्या महिम्यासाठी सांगतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यात आणखी एक दिसते. दुसऱ्याच्या दुखऱ्या अंगाला हात लावणे हे काम देवाने हलके मानले नाही.

आता घरातले औषध. बालाघाटाच्या या कोरड्या डोंगरात ओढ्याकाठी निरगुडी असते, पडीक रानात रुई, बांधावर एरंड. तीळ आणि करडई आपल्याच शेतातली. यांतून आपल्या आज्यांनी जे बनवले ते गावठी म्हणून हसण्यासारखे नाही. निरगुडीचे तेल घ्या. शार्ङ्गधरसंहितेत औषधी तेल सिद्ध करण्याचे जे सर्वसाधारण माप दिले आहे, ते असे: पाल्याची चटणी एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत ढवळायचे. तेल झाले हे ओळखायच्या खुणाही दिल्या आहेत. चटणी बोटांत वळली की वातीसारखी वळते, ती विस्तवावर टाकली तर तडतडत नाही, आणि तेलावर फेस येतो. आमची आजी संस्कृत जाणत नव्हती, पण कापसाची वात तेलात बुडवून चुलीत धरायची आणि कान देऊन ऐकायची. तडतड ऐकू आली तर म्हणायची, 'आजून पानी हाय.' ग्रंथ आणि चूल यांच्यामध्ये वाट होती, हे यावरून कळते.

निजामाच्या राज्यात, म्हणजे १९४८ पर्यंत, हकिमांचीही एक वाट या भागात येऊन मिळाली. युनानी वैद्यकाला तिथे राजाश्रय होता. हकीम सांधेदुखीला 'सुरंजान' वापरत. त्याच जातीच्या कंदातून १८२० साली फ्रान्समध्ये जे द्रव्य वेगळे काढले गेले, ते कोल्चिसिन आजही गाउट या सांध्यांच्या रोगात डॉक्टर देतात. मिरची तर आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. तिचा तिखटपणा ज्यात आहे त्या कॅप्सायसिनचे मलम आता गुडघ्याला लावतात. रोज लावत राहिले की त्या जागचे मज्जातंतू वेदनेची वर्दी कमी देऊ लागतात. मग १८९३ साली मुंबईत काशिनाथुनी नागेश्वर राव या आंध्रातल्या गृहस्थांनी अमृतांजन काढले, आणि बामची छोटी बाटली घराघरांत गेली. बोरघाटातल्या जुन्या पुलालाही लोक तेच नाव देऊन बसले होते. तो पूल २०२० मध्ये पाडला. बामने दुखणे मुळातून जात नाही. पुदिन्याचा अर्क थंड भासतो, कातडी चुरचुरते, आणि तेवढा वेळ आतली कळ मागे पडते. चोळण्याचेही तसेच. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडले की स्पर्शाची वर्दी वेदनेच्या वर्दीला मज्जारज्जूतच अडवू शकते. ठेच लागली की आपला हात आपोआप तिथे जातो, तो उगाच नाही.

इथपर्यंत सारे गोड आहे. आता आत्याची गोष्ट.

आत्या गडाच्या परिसरातलीच. बत्तीस-तेहतीस वर्षांची असताना तिच्या हातांची बोटे सुजू लागली, दोन्ही हातांची, एकसारखी. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. भाकरी थापायला उन्हे वर यावी लागत. आम्ही पोरे तिच्या बोटांना कोमट निरगुडीचे तेल लावून रगडायचो. मोठ्या प्रेमाने रगडायचो, आणि ती ओठ दाबून बसायची. दुखते म्हणून आणखी जोर लावायचो. आजी एकदाच म्हणाली होती, 'सुजल्या सांद्याला त्याल नको लावू. वाळूनं शेक.' आम्हाला वाटले म्हातारीला तेलाचा खर्च जिवावर येतो. नंतर बाजारात एकाकडून लाल तेल आणले. कुणी बिब्बा सुचवला, तोही लावला. त्याने मनगटावर असे फोड आले की महिनाभर हात पाण्यात घालता आला नाही. चार वर्षांनी डॉक्टरांपर्यंत पोहोचलो तेव्हा त्यांनी रोगाचे नाव सांगितले. आपण त्याला आमवात म्हणतो. गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली, पण वाकडी झालेली बोटे सरळ झाली नाहीत.

पुढे पुष्कळ वर्षांनी जुने ग्रंथ चाळताना मला आजीचे ते वाक्य सापडले. आमवाताचे वेगळे वर्णन माधवनिदानात येते. हा ग्रंथ साधारण सातव्या-आठव्या शतकातला. त्यानंतर अकराव्या शतकात बंगालच्या चक्रपाणिदत्तांनी त्यावरचे उपचार लिहिले. त्यात स्पष्ट सांगितले आहे की या रोगात शेक कोरडा द्यावा, वाळूच्या पोटलीने, आणि सांध्यावर जो लेप बांधायचा तोही तेलातुपाशिवायचा. नऊशे वर्षांपूर्वीच्या बंगालमधली गोष्ट आमच्या चुलीपाशी बसलेल्या निरक्षर बाईला ठाऊक होती, आणि चार बुके शिकलेल्या आम्ही ती थट्टेवारी नेली.

वाचक माऊली, म्हणून आपल्याला कळकळीने सांगतो. तेल चांगले की वाईट हा प्रश्नच नव्हे. हात लावण्याआधी सांधा पाहावा लागतो. झिजलेला गुडघा सहसा कोरडा असतो, कटकट वाजतो, बसून उठताना आखडतो आणि पाच-दहा मिनिटे चालले की मोकळा होतो. त्याला कोमट तेल, हलका हात, नंतर शेक हे मानवते. तेलाची वाटी चुलीवर न ठेवता गरम पाण्यात ठेवावी. मांडीच्या आणि पोटरीच्या मांसाला लांब हात द्यावा, वाटीभोवती गोल, आणि खुद्द गुडघ्याच्या वाटीवर जोर देऊ नये. एरंडाचे पान तव्यावर ऊबवून बांधले तरी बरे वाटते. रुईचे पान बांधणाऱ्यांनी चीक डोळ्यांना लागणार नाही याची काळजी घ्यावी, त्याने डोळ्याला इजा होते.

पण सांधा गरम लागत असेल, लाल असेल, फुगला असेल, दोन्ही हातांची बोटे एकदम धरली असतील, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहत असेल, तर रगडू नका. कोरड्या वाळूची पोटली तव्यावर गरम करून, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहून, सोसेल इतकाच शेक द्या. शेकाने कळ वाढली तर तोही थांबवा. पोटलीने रोग जाणार नाही. त्या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, पुढच्या वर्षी नव्हे. आमवाताचे औषध लवकर सुरू झाले तर सांधे वाचतात. ते दिवस आत्याच्या हातून आम्ही घालवले. एकच सांधा अचानक सुजून ताप आला असेल तर त्याच दिवशी जावे. साखरेचा आजार असलेल्यांच्या पायाला अनेकदा चटका कळत नाही, त्यांच्या पावलांना शेक देऊच नये. बाम लावलेल्या जागेवर शेक नको, कातडी पोळते. विंटरग्रीनच्या वासाचे तेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेले तर ते विष आहे. आणि बिब्ब्याला माझा साष्टांग नमस्कार, दुरून.

दुकानातल्या जेलविषयी लोक विचारतात. डायक्लोफिनॅकचे जेल हे आजचे घरगुती तेलच झाले आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने गुडघ्याच्या झिजेसाठी अशा लावायच्या औषधांची जोरदार शिफारस केली, कारण गोळ्यांच्या मानाने पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास कमी. मिरचीच्या मलमाला मात्र त्यांनी गुडघ्यापुरतेच बरे म्हटले, हाताच्या बोटांना नको. हात नकळत डोळ्याला जातो. जेल लावून चोळत बसायची गरज नसते, आणि त्याच औषधाच्या गोळ्या सोबत घेऊ नयेत. याच डायक्लोफिनॅकच्या सुया गुरांना टोचल्या जात आणि मेलेली गुरे खाऊन देशातली गिधाडे जवळजवळ संपली. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. आमच्या लहानपणी डोंगरावर घिरट्या घालणारी गिधाडे आता का दिसत नाहीत, याचे उत्तर माणसाच्या गुडघ्याच्या औषधात असेल असे कुणाला वाटले असते?

आत्या आता सत्तरीच्या पुढे आहे. गोळ्या वेळेवर घेते. यंदा आषाढीला आम्ही तिला गाडीने नारायणगडावर नेले. उतरल्यावर काही अंतर चालायचे होते, ते ती हळूहळू चालली. टाळ तिच्या बोटांत धरता येत नाही, म्हणून मनगटावर मनगट आपटून ठेका धरत होती. तिच्या शेजारी बसलेल्या एका म्हातारीने पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि मायेने तिचा हात हातात घेतला. आत्याने हात सोडवून घेतला नाही, फक्त म्हणाली, 'माझ्या हाताला नको बाई, तुझ्या गुडघ्याला लाव. आण, मी लावते.'

मग तळहातावर तेल घेऊन, वाकड्या बोटांना न लावता नुसत्या तळव्याने, ती त्या अनोळखी बाईच्या गुडघ्याला तेल लावत बसली. आरती सुरू होईपर्यंत.